अ‍ॅप ‘रिस्टार्ट केलं की चालतं’? मग आधी पूल तपासा!



“अ‍ॅप मध्येच अडकतं. डेव्हलपरला फोन केला की तो सर्व्हर रिस्टार्ट करतो, मग चालतं. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच!” ऑनलाइन ऑर्डर घेणाऱ्या छोट्या व्यवसायांची ही नेहमीची तक्रार. बऱ्याच जणांना वाटतं, सर्व्हर स्वस्तातला आहे, मोठा घेतला की प्रश्न सुटेल. कधी कधी ते खरंही असतं. पण ‘रिस्टार्ट केलं की चालतं आणि काही दिवसांनी पुन्हा बंद पडतं’ हे लक्षण बऱ्याचदा वेगळ्याच आजाराचं असतं. अ‍ॅप आत कुठेतरी वस्तू उसन्या घेतंय आणि परत करायला विसरतंय.

व्हिडिओत आपण हे आकृती काढून पाहिलं. इथे तेच जरा सविस्तर, सावकाश वाचता येईल असं मांडतो. तुम्ही स्वतः कोड लिहीत असाल तर नमुना थेट वापरता येईल. लिहीत नसाल तरी काळजी नको. शेवटी डेव्हलपरला विचारायचे प्रश्न दिले आहेत. पैसे तुमचे जातात, ग्राहक तुमचे तुटतात, त्यामुळे प्रश्न विचारायचा हक्कही तुमचाच.

१. पूल म्हणजे काय?

लग्नाकार्यासाठी भांडी भाड्याने देणाऱ्याचं गोदाम डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक लग्नाला नवीन पातेली कोणी विकत घेत नाही. गोदामात दहा मोठी पातेली असतात. एक कार्य झालं की ती परत येतात, घासली जातात आणि पुढच्या कार्याला जातात. दहा पातेल्यांत वर्षभर शेकडो कार्यं निघतात.

सॉफ्टवेअरमध्ये याच व्यवस्थेला ऑब्जेक्ट पूल म्हणतात. जी वस्तू तयार करायला वेळ लागतो किंवा जिची संख्या मर्यादित असते, ती आधीच बनवून ठेवायची, काम असेल त्याला द्यायची आणि काम झालं की परत घ्यायची.

सर्वांत नेहमीचं उदाहरण म्हणजे डेटाबेसचं कनेक्शन. ग्राहकाने ऑर्डर दिली की ती डेटाबेसमध्ये नोंदवावी लागते आणि त्यासाठी कनेक्शन लागतं. दर वेळी नवं उघडायचं म्हटलं तर नेटवर्कवर जोडणी करा, नाव-पासवर्ड तपासा, मेमरी राखून ठेवा, एवढा सगळा खटाटोप होतो. पोस्टग्रेस-क्यूएल हा लोकप्रिय डेटाबेस तर प्रत्येक कनेक्शनसाठी एक स्वतंत्र प्रोसेस चालू करतो. शिवाय संख्येलाही मर्यादा आहे. काही बदललं नसेल तर पोस्टग्रेस-क्यूएल साधारण १०० आणि मायएसक्यूएल १५१ कनेक्शन एका वेळी घेतो. म्हणून अ‍ॅप स्वतःजवळ दहा-वीस कनेक्शनचा पूल ठेवतं आणि तीच फिरवून वापरतं.

एक गोष्ट लगेच सांगून ठेवतो. प्रत्येक वस्तूचा पूल करायचा नसतो. चमचा-वाटीसारख्या छोट्या वस्तू आजच्या प्रोग्रॅमिंग भाषा क्षणात बनवतात आणि टाकून देतात. त्यांचा पूल केला तर हिशेबच वाढतो. पूल हवा तो महाग किंवा मोजक्या वस्तूंचा.

२. अडचण कुठे येते?

साधा कोड असा चालतो: कनेक्शन घे, ऑर्डर नोंदव, कनेक्शन परत कर. तीन ओळी. सगळं सुरळीत असेल तर काही प्रश्न नाही.

आता दुसऱ्या ओळीवर काहीतरी बिनसलं. ग्राहकाने कुपन कोड चुकीचा टाकला, मोबाइल नंबरच्या जागी नाव लिहिलं, नेट तुटलं. अशा वेळी प्रोग्रॅम ‘एक्सेप्शन’ टाकतो. म्हणजे “मला हे काम पुढे करता येत नाही” असं ओरडून तो आहे तिथूनच बाहेर उडी मारतो. तिसरी ओळ, ‘कनेक्शन परत कर’, ती चालतच नाही.

आणि पूलला काही माहीतच नसतं. त्याच्या वहीत ‘एक कनेक्शन बाहेर गेलंय’ एवढीच नोंद असते. तो वाट पाहत बसतो. ते कनेक्शन कधीच परत येत नाही. याला पूलची गळती म्हणतात.

जरा आकडे मांडून पाहू. समजा, तुमचा दिवाळी फराळाचा व्यवसाय आहे आणि पूलमध्ये १० कनेक्शन आहेत. दर १०० ऑर्डरमागे २ वेळा अशी चूक होते आणि दर वेळी एक कनेक्शन गळतं. म्हणजे ५०० ऑर्डर झाल्या की १० च्या १० कनेक्शन गायब.

एरवी तुम्हाला दिवसाला ६० ऑर्डर येतात. मग अ‍ॅप साधारण आठव्या-नवव्या दिवशी अडकेल. डेव्हलपर रिस्टार्ट करेल, नवा कोरा पूल तयार होईल आणि पुढचे आठ दिवस सगळं छान चालेल. त्याने दर रविवारी आपोआप रिस्टार्ट होईल अशी सोय करून ठेवली असेल, तर वर्षभर कोणाला काही कळणारही नाही. पण दिवाळीच्या आठवड्यात रोज ५०० ऑर्डर यायला लागल्या की तेच अ‍ॅप एका दिवसात बसेल. वर्षभराची कमाई ज्या चार दिवसांत व्हायची, नेमक्या त्याच दिवसांत.

मग कोणीतरी सुचवतं, “पूल मोठा करा, १० चे २० करा.” ही म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. २० कनेक्शन केलीत तर आठ दिवसांऐवजी सोळा दिवसांनी अडकेल एवढंच. टाकीला भोक असेल तर मोठी टाकी आणून पाणी टिकत नाही, ती रिकामी व्हायला फक्त जास्त वेळ लागतो.

३. पहिला नियम: बाहेर पडायचे दरवाजे कितीही असोत, वस्तू परत आलीच पाहिजे

यावरचा उपाय जुना आणि पक्का आहे. जवळपास सगळ्या मोठ्या प्रोग्रॅमिंग भाषांत तो कुठल्या ना कुठल्या रूपात असतो. जावा, पायथन, सी-शार्प, जावास्क्रिप्ट यांत त्याला ‘ट्राय’ आणि ‘फायनली’ म्हणतात. ट्राय म्हणजे ‘प्रयत्न कर’. फायनली म्हणजे ‘काम झालं, फसलं, मधूनच परत फिरलो, काहीही असो, निघण्याआधी एवढं करच’. ‘परत कर’ ही ओळ फायनलीमध्ये ठेवली की एक्सेप्शन आलं तरी ती चालते.

त्याहून सोपी सोयही आहे. पायथनमध्ये २००६ साली २.५ या आवृत्तीत ‘विथ’ हा शब्द आला. जावामध्ये २०११ साली ७ व्या आवृत्तीत ‘ट्राय-विथ-रिसोर्सेस’ आलं. सी-शार्पमध्ये ‘युझिंग’ आहे आणि गो भाषेत ‘डिफर’. सगळ्यांचा अर्थ एकच: वस्तू घेतानाच तिच्या परतीची व्यवस्था करून टाकायची, नंतर आठवण ठेवावी लागू नये. पूलमधून आलेल्या डेटाबेस कनेक्शनवर ‘क्लोज’ म्हटलं की ते खरोखर तुटत नाही, पूलमध्ये परत जातं. त्यामुळे ही सोय तिथे थेट चालते.

इथे दोन बारीक जागा आहेत, नवशिके तिथे हमखास अडखळतात.

एक, उसनं घेण्याची ओळ ट्रायच्या आधी लिहायची, आत नाही. आत लिहिली आणि कनेक्शन मिळालंच नाही, तर फायनली ‘काहीच नाही’ परत करायला जाईल आणि तिथे दुसरीच चूक होईल.

दोन, परत करतानाही चूक होऊ शकते. ती तशीच बाहेर पडू दिली तर मूळ चूक तिच्याखाली झाकली जाते. लॉगमध्ये ‘परत करता आलं नाही’ एवढंच दिसतं आणि खरं कारण, कुपन की नेट, सापडत नाही. म्हणून परत करतानाची चूक वेगळी नोंदवायची आणि मूळ चूकच वर कळवायची.

४. दुसरा नियम: शंका असलेली वस्तू मांडणीवर परत ठेवू नका

पहिला नियम बऱ्याच जणांना माहीत असतो. गाडी अडते ती दुसऱ्याला. आणि नुकसान याचंच मोठं असतं.

पुन्हा भांड्यांच्या गोदामाकडे या. पातेलं परत आलं, पण आत उष्टं तसंच आहे. तुम्ही ते न बघता मांडणीवर ठेवलंत आणि पुढच्या कार्याला पाठवलंत. हिशेब बरोबर, दहाच्या दहा पातेली हजर! पण पुढच्या गिऱ्हाइकाच्या जेवणाचं काय?

कनेक्शनचंही तसंच आहे. चूक झाली तेव्हा ते अर्धवट अवस्थेत असू शकतं. ऑर्डर नोंदली गेली पण साठा कमी व्हायचा राहिला, आणि व्यवहार उघडाच. किंवा प्रश्न विचारून झाला, पण उत्तर यायच्या आधीच आपण निघून आलो. ते उत्तर अजून त्या तारेवरून येतंय. असं कनेक्शन पुढच्या ग्राहकाच्या हाती पडलं, तर त्याला पहिल्या ग्राहकाचं उत्तर मिळू शकतं.

हे नुसतं पुस्तकी वाटत असेल तर खरी घटना ऐका. २० मार्च २०२३ रोजी ओपनएआय कंपनीला चॅटजीपीटी काही तासांसाठी बंद ठेवावं लागलं. काही लोकांना आपल्या खात्यात दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षकं दिसत होती. कंपनीने नंतर कारण जाहीर केलं. रेडिस नावाच्या साठवण-व्यवस्थेशी बोलण्यासाठी त्यांचा पायथन सर्व्हर कनेक्शनचा एक सामायिक पूल वापरत होता. त्यासाठीच्या रेडिस-पाय या लायब्ररीत एक दोष होता. विनंती पाठवून झाल्यावर, पण उत्तर घेण्याआधी ती रद्द झाली, तर ते कनेक्शन बिघडलेल्या अवस्थेतच पुन्हा वापरात येत होतं. पुढच्याने विचारलं की त्याच्या हाती मागच्याचं उरलेलं उत्तर. त्या दिवशी सर्व्हरमध्ये केलेल्या एका बदलामुळे रद्द होणाऱ्या विनंत्या एकदम वाढल्या आणि एरवी दबून राहिलेला दोष वर आला.

एवढ्यावर भागलं नाही. एका विशिष्ट ९ तासांच्या काळात वापरात असलेल्या चॅटजीपीटी प्लसच्या १.२ टक्के ग्राहकांची पैसे भरण्याशी संबंधित माहितीही इतरांना दिसली असण्याची शक्यता कंपनीने सांगितली. त्यात नाव, ईमेल, पत्ता, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि मुदत या गोष्टी होत्या. पूर्ण कार्ड नंबर उघड झाले नाहीत.

यात आपल्यासाठी फार मोठा धडा आहे. गळती झाली तर अ‍ॅप बंद पडतं, निदान सगळ्यांना कळतं तरी. उष्टं कनेक्शन फिरत राहिलं तर अ‍ॅप चालू असतं आणि एकाची माहिती दुसऱ्याला दाखवत असतं. तेव्हा दोन्हींतून निवडायची वेळ आलीच, तर बंद पडलेलं अ‍ॅप परवडलं. ग्राहकांच्या माहितीची जबाबदारी आता कायद्यानेही आली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेण्यासाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. छोट्या दुकानाला एवढा दंड होईल असं मी म्हणत नाही. पण ‘ते डेव्हलपरचं काम, मला काय ठाऊक’ हे उत्तर पुरणार नाही, एवढं नक्की.

५. मग परत करायचं की बाद करायचं? ठरवायचं कसं?

चुका दोन प्रकारच्या असतात.

*धंद्यातली चूक:* साठा संपला, कुपन चुकीचं, पत्ता अर्धवट. यात कनेक्शनचा काही दोष नाही. अर्धवट व्यवहार मागे घ्यायचा, याला ‘रोलबॅक’ म्हणतात, आणि कनेक्शन परत करायचं.

*तारेवरची चूक:* नेट तुटलं, ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही, विनंती मध्येच रद्द झाली. इथे कनेक्शन कुठल्या अवस्थेत आहे ते आपल्याला माहीत नाही. माहीत नाही म्हणजे बाद. नवं कनेक्शन बनवायला क्षणभर जास्त लागेल, लागू दे.

बाद करतानाही पूलला सांगूनच बाद करायचं. नुसतं टाकून दिलं तर वहीत ते ‘बाहेर गेलेलं’च राहतं आणि पुन्हा गळती सुरू. जावामधल्या अपाचे कॉमन्स पूल या प्रसिद्ध लायब्ररीत म्हणूनच तीन वेगळ्या क्रिया आहेत: उसनं घेणं, परत करणं आणि बाद करणं. आणि एका वस्तूसाठी शेवटच्या दोन्हींपैकी एकच, तीही एकदाच. तीच वस्तू चुकून दोनदा परत केली आणि पूलने ते पकडलं नाही, तर एकच कनेक्शन दोन ग्राहकांना एकाच वेळी दिलं जाईल. एकाच पातेल्यावर दोन लग्नांची बुकिंग!

आता हे सगळं एका नमुन्यात बसवू. कुठल्याही भाषेत लिहिता येईल:

१) पूलमधून कनेक्शन घे. मिळालं नाही तर इथेच थांब आणि तसं कळव.
२) निरोगी = नाही.
३) प्रयत्न कर: ऑर्डर नोंदव, साठा कमी कर, व्यवहार पक्का कर. सगळं झालं की निरोगी = हो.
४) चूक आली तर: व्यवहार मागे घे. चूक धंद्यातली असेल आणि मागे घेणं यशस्वी झालं असेल, तरच निरोगी = हो. मूळ चूक वर कळव.
५) काहीही झालं तरी शेवटी: निरोगी असेल तर परत कर, नसेल तर पूलला सांगून बाद कर.

दुसरी ओळ पुन्हा वाचा. सुरुवातीलाच आपण ‘निरोगी नाही’ असं धरलंय. जे कनेक्शन ठीक असल्याचं सिद्ध होईल तेच मांडणीवर जाईल. याचा फायदा असा की आपण विचारातच न घेतलेली एखादी चूक आली तरी कनेक्शन आपोआप बाद होतं. पायथनचं उदाहरण घ्या. ३.८ या आवृत्तीपासून एसिंक-आयओमधलं ‘रद्द झालं’ हे एक्सेप्शन नेहमीच्या ‘एक्सेप्शन’ वर्गात येत नाही, त्यामुळे चौथ्या पायरीतला साधा सापळा त्याला पकडत नाही. पण पाचवी पायरी तरीही चालते, आणि तिथे ‘निरोगी = नाही’ असंच लिहिलेलं असतं. सुटलो!

आणखी एक. ‘व्यवहार पक्का कर’ म्हटल्यावर नेमकं तेव्हाच नेट तुटलं तर ऑर्डर नोंदली गेली असेल किंवा नसेलही. अशा वेळी डोळे मिटून पुन्हा नोंदवू नका, नाहीतर एका ग्राहकाच्या नावावर दोन ऑर्डर पडतील. आधी ऑर्डर नंबर शोधा. सापडला नाही तरच पुन्हा नोंदवा.

६. तिसरा नियम: रांगेला वेळेची मर्यादा हवी

पूल रिकामा असताना नवा ग्राहक आला तर त्याने किती वेळ थांबायचं? हे ठरवलं नसेल तर अ‍ॅप ‘अडकतं’. स्क्रीनवर गोल गोल फिरत राहतं आणि ग्राहक वैतागून दुसऱ्या दुकानात जातो.

जावामध्ये खूप वापरल्या जाणाऱ्या हिकारी-सीपी या पूलमध्ये काही बदललं नसेल तर जास्तीत जास्त १० कनेक्शन असतात आणि ३० सेकंद वाट पाहून तो चूक कळवतो. अपाचे कॉमन्स पूलच्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र ८ वस्तूंची मर्यादा असते आणि वाट पाहण्याला मर्यादाच नसते, ती आपण घालावी लागते. म्हणजे तुमचं अ‍ॅप कुठला पूल वापरतं आणि त्यात हे आकडे किती आहेत, हे माहीत हवं. मोबाइलवर ऑर्डर देणारा माणूस ३० सेकंद थांबत नाही. काही सेकंदांत ‘सध्या गर्दी आहे, एका मिनिटाने पुन्हा प्रयत्न करा’ असा साधा मराठी संदेश दिला तर तो परत येण्याची शक्यता राहते.

याच्याच पोटातला मुद्दा: कनेक्शन हातात धरून दुसऱ्या कोणाची वाट पाहू नका. पेमेंट कंपनीचं उत्तर, एसएमएस, ईमेल, या गोष्टींना वेळ लागतो. तेवढा वेळ कनेक्शन अडवून ठेवलं तर गळती नसतानाही पूल रिकामा होतो. घ्या, नोंदवा, परत करा. मग बाहेरचं काम करा. उत्तर आलं की पुन्हा घ्या.

७. स्वतः पूल लिहू नका

शिकण्यासाठी जरूर लिहा. पण धंद्याच्या अ‍ॅपमध्ये तयार, वर्षानुवर्षं वापरात असलेला पूल घ्या. हिकारी-सीपीसारखा पूल कनेक्शन परत आलं की अर्धवट व्यवहार मागे घेतो, बदललेल्या सेटिंग पूर्ववत करतो आणि तुटल्याची खूण असलेलं कनेक्शन बाद करतो. म्हणजे पातेलं घासायचं काम तोच करतो. पण परत आणून देणं मात्र तुमच्या कोडचंच काम. आणि तयार लायब्ररीतही दोष असू शकतात, वरच्या घटनेत पाहिलंच. म्हणून ती वेळच्या वेळी अद्ययावत ठेवायची आणि महत्त्वाच्या ठिकाणी दुसरी तपासणीही ठेवायची. ओपनएआयने नंतर नेमकं हेच केलं. साठवणीतून आलेली माहिती मागणाऱ्याच्याच नावाची आहे ना, हे पाहणारी जादा तपासणी त्यांनी बसवली. तुमच्या अ‍ॅपमध्येही ऑर्डर दाखवण्याआधी ‘ही याच ग्राहकाची आहे ना?’ एवढं तपासायला कितीसा खर्च येतो?

८. दोन तपासण्या, पैसे न लागणाऱ्या

*रात्रीची मोजणी.* भांडीवाला कार्य संपलं की पातेली मोजून घेतो. तुम्हीही घ्या. ऑर्डर बंद असतात अशा वेळी, पहाटे चार वाजता म्हणा, पूलमध्ये ‘वापरात’ किती कनेक्शन दिसतात? मागे कुठलं काम चालू नसेल तर उत्तर शून्य हवं. आज १, उद्या २, परवा ४ असं वाढत असेल तर गळती आहे. अडकायच्या कितीतरी दिवस आधी ती तुम्हाला कळली! हिकारी-सीपीमध्ये गळती शोधणारी सोयही आहे. ठरावीक वेळेत परत न आलेलं कनेक्शन कोडच्या कुठल्या जागेने घेतलं होतं, हे ती लॉगमध्ये लिहिते. पण ती मुळात बंद असते, चालू करावी लागते.

*दोन कनेक्शनची परीक्षा.* चाचणीच्या सर्व्हरवर पूल मुद्दाम २ चा करा. मग मुद्दाम चुकीच्या तीन प्रकारच्या ऑर्डर प्रत्येकी दोनदा टाका: खोटं कुपन, शून्य नग, अर्धवट पत्ता. शेवटी एक ऑर्डर बरोबर टाका. ती नोंदली गेली तर या तीन दरवाजांतून तरी गळती नाही. ती अडकली तर दोष तुमच्या डोळ्यांसमोर आहे. दहा मिनिटांचं काम, आणि यासाठी कोड वाचता यावा लागत नाही.

९. डेव्हलपरला विचारायचे पाच प्रश्न

काम देतानाच विचारा, आणि उत्तरं कामाच्या करारात लिहून घ्या.

१) आपण कुठला तयार पूल वापरतो आणि त्यात जास्तीत जास्त किती कनेक्शन आहेत?
२) मध्येच चूक आली तर कनेक्शन परत येण्याची हमी कोडमध्ये कुठे आहे? मला ती जागा दाखवा.
३) नेट तुटलं किंवा विनंती रद्द झाली तर ते कनेक्शन परत जातं की बाद होतं?
४) पूल रिकामा असेल तर ग्राहक किती सेकंद थांबतो आणि त्याला कुठला संदेश दिसतो?
५) ‘वापरात’ असलेल्या कनेक्शनचा आकडा मला रोज कुठे दिसेल?

प्रश्न विचारताना सूर भांडणाचा नको. चांगल्या डेव्हलपरला हे प्रश्न आवडतात, कारण अशा कामाला लागणारा वेळ त्याला एरवी कोणी देत नाही. तो वेळ द्या, आणि त्याचे पैसेही द्या. दिवाळीत एक दिवस बंद राहण्यापेक्षा ते खूप स्वस्त पडतं.

या आठवड्याचा गृहपाठ

अ‍ॅप चालू असेल तर: मागच्या तीन महिन्यांत ते कधी कधी रिस्टार्ट केलं, त्या तारखा लिहून काढा आणि दोन तारखांमध्ये किती ऑर्डर आल्या ते समोर लिहा. ऑर्डर जास्त आल्या की रिस्टार्ट लवकर करावं लागलं, असं दिसलं तर ही वही घेऊनच डेव्हलपरकडे बसा.

अ‍ॅप अजून बनायचं असेल तर: वरचे पाच प्रश्न कोटेशन मागतानाच पाठवा. कोण काय उत्तर देतं, त्यावरून माणूस निवडायला मदत होईल.

कोड शिकत असाल तर: पाच पायऱ्यांचा नमुना आपल्या भाषेत लिहा आणि पाचही पायऱ्यांवर मुद्दाम चूक घडवून बघा. दर वेळी पूलची मोजणी जुळली पाहिजे.

सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा: घेतलेलं परत करा, शंका असेल तर सांगून बाद करा, आणि रांगेत कोणालाही अनंतकाळ उभं करू नका. दुकान चालवायलाही हेच तीन नियम लागतात, नाही का?

भेटूया पुढच्या भागात. तोवर मोजणी करत राहा!